‘कनेक्ट’ मोजायचा कसा? हेवी मेटलची गर्दी आणि आपलं रिंगण

पेट झाली, कोर्सवर्क सुरू झालं, आता सिनॉप्सिसला विषय काय घ्यायचा या विचारात बसलेल्यांसाठी हा लेख आहे. विषय मुद्दामच आपल्या नेहमीच्या वाटेवरचा घेतलेला नाही. प्रश्न असा: हेवी मेटलचे बँड लाइव्ह कार्यक्रमात प्रेक्षकांशी ‘कनेक्ट’ कसे होतात?

हिंगोलीत बसून हा प्रश्न विचारणं जरा चमत्कारिक वाटेल. मेटलचे कार्यक्रम म्हटले की मुंबई, पुणे, बंगळूर. पण हा प्रश्न संशोधनाच्या पहिल्या पायरीसाठी इतका चांगला आहे, की तो सोडवत ((खरं तर तोडत) गेलं की ‘विषय’ आणि ‘संशोधनाचा प्रश्न’ यांतला फरक आपोआप दिसतो. आणि शेवटी तो फिरून आपल्याच जिल्ह्यात येतो, तेही ओढूनताणून नाही.

आधी अडचण सांगते. ‘कालचा शो जबरदस्त झाला, बँड पूर्ण कनेक्ट झाला’ असं आपण सहज बोलतो. सिनॉप्सिसमध्ये हेच वाक्य लिहिलं, तर समितीतला पहिला प्रश्न ठरलेला: कनेक्ट झाला म्हणजे काय झालं? कुणाच्या शरीरात, किती सेकंद, आधीपेक्षा किती जास्त? याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. शब्दकोशातला अर्थ नव्हे, तर ‘मी अमुक गोष्ट मोजणार आणि तिलाच कनेक्ट म्हणणार’ असा करार. नेट-सेटला ही व्याख्या दोन गुणांसाठी आपण सगळ्यांनीच पाठ केलेली असते. प्रत्यक्ष वापरताना घाम फुटतो तो वेगळाच.

ज्यांनी मेटल कधी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम १९७० साली आला. या संगीताची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात. गिटारचा आवाज मुद्दाम फाटेपर्यंत वाढवलेला, ड्रमचा मोठा ढोल दोन्ही पायांनी वाजवलेला, आणि डेथ मेटलसारख्या प्रकारात तर गाणं म्हणजे घशातली गुरगुर. आपल्याकडे मुंबईत डेमॉनिक रिसरेक्शन, भयानक मौत, झिग्नेमा, गटस्लिट असे बँड तयार झाले. डेमॉनिक रिसरेक्शन तर २०१४ साली जर्मनीतल्या वाकन या मेटलच्या मोठ्या महोत्सवात वाजवून आला. गुरगुरीतले शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जवळजवळ कळत नाहीत. संशोधकासाठी ही चांगली बातमी आहे. कारण ‘शब्द मनाला भिडले’ हे सगळ्यात सोपं उत्तर इथे बऱ्याच अंशी बाद होतं, आणि दुसरं काहीतरी शोधावंच लागतं.

शोधायचं कुठे, तर अंगात. मेटलचा प्रेक्षक बसत नाही. मान झटकतो, म्हणजे हेडबँगिंग. मंचासमोर रिकामं वर्तुळ पाडून त्यात एकमेकांना धडका देतो, हा मॉश पिट. त्याच वर्तुळात सगळे एका दिशेने पळायला लागले की तो सर्कल पिट. बाहेरून बघणाऱ्याला ही दंगल वाटते. आतल्याला तसं वाटत नाही. दोघांपैकी कोण बरोबर, हे मत देऊन ठरत नाही, मोजावं लागतं.

ते मोजलं अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या चौघांनी: जेसी सिल्व्हरबर्ग, मॅथ्यू बिअरबॉम, जेम्स सेथना आणि इताई कोहेन. २०१३ साली त्यांचा पेपर ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. भौतिकशास्त्रवाल्यांना या नियतकालिकाचं वजन सांगायला नको. सिल्व्हरबर्ग तेव्हा आपल्यासारखाच पीएचडीचा विद्यार्थी आणि मेटलचा जुना चाहता. एरवी तो स्वतः पिटमध्ये असायचा. एका कार्यक्रमाला मैत्रिणीला सोबत नेलं म्हणून कडेला उभा राहिला, आणि लांबून बघताना त्याला ती गर्दी वायूच्या रेणूंसारखी दिसली. ‘दिसली’ इथपर्यंत आपल्यालाही दिसतं. पुढचं काम शिकण्यासारखं आहे.

त्यांनी कुठलंही महागडं यंत्र आणलं नाही. लोकांनी यूट्यूबवर टाकलेले मेटल कार्यक्रमांचे व्हिडिओ घेतले. हात हलल्यामुळे येणारी थरथर काढून टाकली. कॅमेरा तिरका असल्यामुळे लांबची माणसं लहान दिसतात, ते गणिताने दुरुस्त केलं. मग द्रवाच्या प्रवाहाचा वेग मोजायला जे तंत्र वापरतात, तेच गर्दीवर लावलं. या तंत्रात लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये चित्राचा छोटा तुकडा कुठून कुठे सरकला ते बघतात आणि त्यावरून वेग काढतात. मॉश पिटमधल्या वेगांचं वितरण काढलं, तेव्हा ते मॅक्सवेल-बोल्ट्झमन वितरणाशी जुळलं. बारावीला वायूच्या गतिज सिद्धांतात येतं तेच, फक्त द्विमितीतलं. म्हणजे धडका देणारी माणसं, प्रत्येकाला स्वतःचं डोकं असूनही, एकत्र मिळून समतोलातल्या वायूसारखी वागत होती.

मग त्यांनी संगणकावर खोटी माणसं तयार केली. प्रत्येकाला मोजके नियम: दुसऱ्याच्या अंगावर गेलात तर मागे ढकलले जाल, स्वतःच्या ठरावीक वेगाने चालत राहा, शेजारी ज्या दिशेने चाललेत तिकडे थोडं वळा, आणि अधूनमधून विनाकारण वाकडं जा. यातला तिसरा नियम म्हणजे थव्याची ओढ, चौथा म्हणजे गोंधळ. गोंधळ जास्त, ओढ कमी ठेवली की मॉश पिट तयार होतो. ओढ वाढवली, गोंधळ कमी केला की तीच माणसं भोवऱ्यासारखी फिरायला लागतात आणि सर्कल पिट तयार होतो. दोन बटणं फिरवायची, बास.

एक छोटी नोंद मला फार आवडते. मॉडेलमधला भोवरा घड्याळाच्या दिशेने किंवा उलट, दोन्हीकडे सारखाच फिरू शकतो. नियमांमध्ये डाव्या-उजव्याचा भेदच नाही. पण खऱ्या व्हिडिओंमधले सुमारे ९५ टक्के सर्कल पिट घड्याळाच्या उलट दिशेने फिरत होते. म्हणजे माणसांत असं काहीतरी आहे जे मॉडेलमध्ये नाही. बहुसंख्य माणसं उजवी असतात, त्याचा हा परिणाम असावा असा एक अंदाज. धावण्याच्या शर्यतीही घड्याळाच्या उलटच होतात हे लक्षात घ्या. मॉडेल जिथे चुकतं तिथेच पुढचा पेपर दडलेला असतो, हे मी इथून शिकले.

आता हा पेपर मिटवून एक प्रश्न विचारा. या मॉडेलमध्ये बँड कुठे आहे?

कुठेच नाही. गिटार नाही, गायक नाही, मंचसुद्धा नाही. फक्त प्रेक्षक आणि प्रेक्षक. आणि तरीही दोन्ही आकृत्या हुबेहूब येतात. आपला मूळ प्रश्न होता ‘बँड प्रेक्षकांशी कसा जोडला जातो’, आणि सगळ्यात भक्कम पेपर सांगतो की जे दिसतं त्यातलं बरंचसं प्रेक्षक प्रेक्षकांशी जोडले जाण्यातून येतं. मग बँड नेमकं करतो काय? माझं वाचन असं आहे, आणि ते माझं आहे, पेपरचं नाही: बँड ती दोन बटणं फिरवतो. गायक हात वर करून बोट गोल फिरवतो, त्याचा अर्थ सर्कल पिट. थव्याची ओढ वाढली. ड्रम अचानक निम्म्या चालीवर येतात आणि गिटार तुटक-तुटक घाव घालायला लागते, याला ब्रेकडाउन म्हणतात. तिथे धडकाधडकी सुरू, गोंधळ वाढला. ब्रेकडाउनच्या आधी बहुतेक वेळा क्षणभर शांतता असते. नवखा त्या शांततेत गोंधळतो. जुना श्रोता त्याच शांततेत मागे सरकून जागा करतो, कारण पुढे काय येणार हे त्याला माहीत असतं.

हा ‘माहीत असणं’ फार महत्त्वाचा भाग आहे. आयर्न मेडनचा भारतातला पहिला कार्यक्रम १७ मार्च २००७ ला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर झाला. या बँडचं ‘फिअर ऑफ द डार्क’ हे १९९२चं गाणं घ्या. मेडनच्या कार्यक्रमांत, देश कुठलाही असो, लोक या गाण्याचे शब्द तर म्हणतातच, पण गिटारची धूनसुद्धा तोंडाने गातात. तिथे शब्दच नाहीत. वाद्याने वाजवायचा भाग हजारो माणसांचे गळे वाजवतात, आणि बँड त्यासाठी जागा सोडतो. आपल्याकडे कीर्तनात बुवा चरणाचा अर्धा भाग म्हणून थांबतात आणि उरलेला टाळकरी उचलतात, तसंच काहीसं. थांबणाऱ्याला खात्री असते की उचलला जाईल. ही खात्री कार्यक्रमाच्या रात्री तयार होत नाही. आधीच्या कित्येक रात्री ऐकून ऐकून झालेली असते.

मग कुणी म्हणेल, ऐकूनच होतं तर लाइव्हची गरज काय? रेकॉर्ड लावा. हा प्रश्नसुद्धा एका गटाने प्रयोगात आणला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात लाइव्हलॅब नावाचं सभागृह आहे. दिसायला साधं नाट्यगृह, पण प्रेक्षकांच्या हालचाली टिपायची सोय असलेलं. तिथे इयन थॉर्नली या रॉक गायकाच्या नव्या अल्बमच्या वेळी दोन कार्यक्रम ठेवले. एकात तो स्वतः गायला, दुसऱ्यात त्याच सभागृहात प्रेक्षकांना फक्त रेकॉर्डिंग ऐकवलं. प्रेक्षकांच्या डोक्यावर खुणा लावून मान किती जोरात हलते ते मोजलं. २०१९च्या त्या पेपरनुसार लाइव्हमध्ये माना जास्त जोमाने हलल्या, आणि त्या गायकाचे मूळचे चाहते होते त्यांचं तालाशी जुळणं तटस्थ श्रोत्यांपेक्षा चांगलं होतं. बघा, कनेक्टची कार्यात्मक व्याख्या सापडली: मानेचा वेग, आणि मानेचं तालाशी जुळणं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या. एकीवर लाइव्ह असण्याचा परिणाम, दुसरीवर चाहता असण्याचा. ‘कनेक्ट’ हा एकच शब्द दोन चलांना झाकत होता.

त्याच सभागृहातला २०२२चा प्रयोग याहून मजेशीर आहे. संगीत मेटल नव्हे, ऑर्फेक्स या जोडीचं इलेक्ट्रॉनिक संगीत. खऱ्या कार्यक्रमात संशोधकांनी अतिशय खालच्या कंपनसंख्येचे स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले. तो आवाज कानाला वेगळा ओळखता येत नव्हता. चालू असताना लोकांची हालचाल ११.८ टक्क्यांनी वाढली. आता सांगा, त्या रात्री कलाकार ‘कनेक्ट’ झाले की स्पीकर? मेटलच्या मंचावरचा तो दोन पायांचा ढोल आणि बेस गिटार छातीत बसतात असं चाहते म्हणतात, ते नुसतं अलंकारिक नसावं. आपल्या मिरवणुकीतल्या डीजेपुढे खिडकीची तावदानं थरथरतात तेव्हा पायही आपोआप हलतात. तिथे श्रेय गाण्याला देण्याआधी एकदा स्पीकरच्या भिंतीकडे बघावं.

इथे थोडं थांबून धोक्याबद्दल बोलते, कारण हा विषय फक्त गमतीचा नाही. मानेचं आधी. ऑस्ट्रेलियातल्या पॅटन आणि मॅकिन्टॉश यांनी २००८ साली ‘बीएमजे’च्या नाताळ अंकात हेडबँगिंगचं गणित मांडलं होतं. त्यांच्या हिशोबाने सरासरी हेडबँगिंगच्या गाण्याची चाल मिनिटाला १४६ ठोके असते, आणि या चालीवर मान ७५ अंशांपेक्षा जास्त हलवली तर डोक्याला सौम्य इजेचा धोका. नाताळ अंक खेळकर असतो हे खरं, पण आतलं यंत्रशास्त्र खरंच केलेलं आहे.

‘हे संगीत माणसाला हिंसक बनवतं’ या समजाचं काय? क्वीन्सलँड विद्यापीठाच्या शार्मन आणि डिंगल यांनी २०१५ साली १८ ते ३४ वयाच्या ३९ श्रोत्यांना आधी राग येईल अशा आठवणी बोलायला लावल्या, मग काहींना त्यांचं आवडीचं उग्र संगीत दिलं, काहींना नुसती शांतता. संगीतवाल्यांचा राग वाढला नाही. शांत बसलेल्यांइतकाच ते निवळले, वर त्यांना जास्त उत्साही वाटलं. पण सावध वाचा. हे सगळे मुळातच असं संगीत ऐकणारे होते. तुमच्या आजोबांना तेच ऐकवून हाच निकाल येईल असं पेपर म्हणत नाही.

खरा धोका दुसरीकडे आहे, आणि तो बहुतेकांच्या समजुतीच्या उलट आहे. मॉश पिट भीतीदायक दिसतो, पण त्यात माणसांना हलायला जागा असते, म्हणून तर वेग येतो. पडलेल्याला लगेच उचलायचं हा तिथला अलिखित नियम आहे. जीव जातो तो हालचालीने नव्हे, दाटीने. चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की पाय स्वतःचे राहत नाहीत, गर्दी द्रवासारखी लाटा मारते आणि छातीला फुगायला जागा उरत नाही. २००० साली डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम या रॉक बँडच्या कार्यक्रमात नऊ तरुण असेच गेले. बँडने वाजवणं थांबवून लोकांना मागे सरकायला सांगितलं होतं. वेळ निघून गेली होती. २०२५ साली ‘नेचर’मध्ये फ्रेंच संशोधकांनी स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या उत्सवातली गर्दी मोजून दाखवलं, की ठरावीक घनतेच्या वर गेल्यावर शेकडो माणसं नकळत सुमारे १८ सेकंदांच्या आवर्तनाने गोल हेलकावे खायला लागतात. कुणी ढकलत नसतं. छतावरच्या कॅमेऱ्याला हे हेलकावे आधी दिसू शकतात, म्हणजे पूर्वसूचना मिळू शकते.

आपल्याला हे परकं नाही. २५ जानेवारी २००५ ला साताऱ्याच्या मांढरदेवीला जवळपास ३०० माणसं गेली. संगीत नव्हतं, पिट नव्हता. अरुंद चढ आणि दाटी होती. महाशिवरात्रीला औंढ्याला रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही दाटी म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. गर्दीच्या कार्यक्रमाला परवानगी देणारे आवाजाचं आणि ‘धिंगाण्याचं’ जितकं बघतात, तितकं चौरस मीटरला किती माणसं हे बघत नाहीत, असं माझं मत आहे. २०११ साली मेटॅलिकाचा गुरगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला, कारण मंचापुढचं बॅरिकेड गर्दीपुढे टिकलं नाही. चिडलेल्या प्रेक्षकांनी मग मंचाची मोडतोड केली. दोनच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, तोच बँड बंगळूरमध्ये वाजवून गेला. बँड तोच, गाणी तीच. प्रेक्षकांशी नातं जुळणं हे बॅरिकेडच्या वेल्डिंगवरही अवलंबून असतं, ही गोष्ट संगीताच्या समीक्षेत सापडणार नाही.

जागेचा मुद्दा निघाला म्हणून एक आपल्या राज्यातलं. मुंबईत धोबी तलावाला रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह होतं. ऐंशीच्या दशकात सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव तिथे व्हायचा. मुंबईच्या रॉक-मेटलवाल्यांच्या दोन पिढ्या तिथे घडल्या. शेजारी रुग्णालय, न्यायालय, महाविद्यालय. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार अशा ठिकाणांभोवतीचं १०० मीटर हे शांतता क्षेत्र. दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. मेटलचा कार्यक्रम त्यात बसणं अशक्यच. रंगभवन संगीतासाठी बंद पडलं आणि कार्यक्रम छोट्या क्लबांमध्ये गेले. आजारी माणसाच्या बाजूने नियम बरोबरच आहे. पण संशोधक म्हणून बघितलं तर हा एक नैसर्गिक प्रयोग झाला: तेच बँड, तेच श्रोते, मंचाची उंची आणि अंतर मात्र बदललेलं. यावर कुणी जुन्या प्रेक्षकांच्या मुलाखती घेऊन काम केलं तर मी आनंदाने वाचेन.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ज्याला मानतात ते नर्सी नामदेव हिंगोलीत आहे. तिथून पालखी पंढरपूरला निघते आणि हिंगोलीच्या रामलीला मैदानावर तिचं रिंगण होतं. मधोमध पालखी, भोवती गोल, आणि त्या गोलात झेंडेकरी, डोईवर तुळस घेतलेल्या बाया, टाळकरी, मग अश्व धावतात. भक्तीचा आणि मेटलचा भाव एक आहे असं मी म्हणत नाही, म्हणायचं कारणही नाही. वारकऱ्याला गोलात धावताना काय वाटतं हे वारकरीच सांगेल. पण आकृती म्हणून बघा: रिकामं वर्तुळ, कडेला स्थिर माणसं, आत एका दिशेने धावणारी माणसं, आणि ताल. कॉर्नेलच्या मॉडेलला लागणारं सगळं इथे आहे.

आणि एक नेमका फरक आहे, त्यातच प्रश्न आहे. सर्कल पिटमध्ये दिशा कुणी सांगत नाही, तरी ९५ टक्के घड्याळाच्या उलट. आपल्याकडे प्रदक्षिणेचा नियम आहे: देव उजव्या हाताला ठेवायचा, म्हणजे घड्याळाच्या दिशेने. उजव्या अंगाची सवय एकीकडे ओढत असेल आणि परंपरा दुसरीकडे, तर रिंगणात जिंकतं कोण? अश्वांची दिशा माणसांसारखीच असते का? आणि नियम मोडून कुणी उलट पळालं तर ते किती सेकंदांत वळतं? शेवटचा प्रश्न तर सरळ थव्याच्या ओढीचं मापन आहे.

साधनं तुमच्याकडे आहेत. पालखी सोहळ्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर आहेत, ड्रोनचेसुद्धा. ट्रॅकर हे मोफत सॉफ्टवेअर बीएस्सीच्या प्रॅक्टिकललाही वापरतात. प्रवाह मोजायला पायथनमध्ये ओपनपीआयव्ही आहे, तेही मोफत. मोबाइलमधला त्वरणमापी वाचणारं फायफॉक्स हे ॲप आखन विद्यापीठाने केलंय. टाळकऱ्यांच्या संमतीने ते खिशात ठेवलं तर दहा जणांचे पाय किती सेकंदांच्या फरकाने पडतात ते कळेल. संमती हा शब्द पुन्हा लिहिते. माणसांवरचा अभ्यास म्हटला की विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी लागते, आणि ओळखू येणारे चेहरे छापायचे नाहीत.

जाता जाता एक योगायोग. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं अशी आख्यायिका ज्या औंढ्यात सांगतात, त्याच तालुक्यात लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरच्या तिच्या दोन भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून कमी फरक पडला तरी तो टिपायचा आहे. म्हणून जमिनीचा कंप कमी असलेली जागा निवडली. २०११ साली न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये फू फायटर्स या रॉक बँडच्या कार्यक्रमात लोक तालावर उड्या मारत होते, ते तिथल्या भूकंपमापकांवर सेकंदाला सुमारे तीन कंपनं असं उमटलं. गाणं बदललं की नोंदही बदलायची. गर्दीने एका तालात पाय आपटले हे जमिनीलाही कळतं.

सुरुवात करायची असेल तर अशी करा. एक एक्सेल शीट उघडा. वेगवेगळ्या पालख्यांच्या रिंगणांचे वीस व्हिडिओ निवडा. एकाच पालखीचे वीस वर्षांचे वीस नकोत, कारण तिथे प्रथा एकच, त्यामुळे नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र राहत नाहीत. रकाने: पालखी, गाव, वर्ष, कोण धावतंय, दिशा, इशारा कुणी आणि कितव्या सेकंदाला दिला, पहिला माणूस कितव्या सेकंदाला हलला, पूर्ण गोल कितव्या सेकंदाला फिरायला लागला. दिशा नाणं फेकल्यासारखी ठरत असेल, तर वीसपैकी पंधरा किंवा जास्त रिंगणं घड्याळाच्या दिशेने येण्याची शक्यता सुमारे २ टक्के आहे. पंधरा आली तर तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. मग दुसऱ्या शीटमध्ये वीस सर्कल पिट, रकाने तेच. पालखी लिहिलंय तिथे बँड लिहा. व्हिडिओ आरशासारखा उलटा करून टाकलेला नाही ना, हे मात्र आधी तपासा: पाठीमागच्या बॅनरवरची अक्षरं सरळ वाचता आली पाहिजेत.